घरात एकच भाषा

शाळेतल्या बेननी, म्हणजे बाईंनी, भेटायला बोलावलं तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आईला चांगल्या गोष्टीसाठी कधी कुणी बोलावत नाही. रुनू बालवाटिकेत जायला लागून दहा महिने झाले होते आणि जूनमध्ये तिला त्याच शाळेत पहिलीत बसवायचं होतं. बेन बिचाऱ्या चांगल्या होत्या, आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे मला धड भांडताही येईना. त्या म्हणाल्या, तुमची मुलगी वर्गात बोलत नाही. विचारलं की नुसते ओठ हलवते, आवाजच काढत नाही. आणि मुलांना मारते.

मारते म्हणजे कशी मारते, मी विचारलं. बेननी हात पुढे करून माझ्या कोपरावर दोन बोटांनी टक टक केलं. मला एकदम हसू आलं आणि ते बेनना आवडलं नाही. आता त्यांना कसं सांगायचं की हे मारणं नाही, ही हाक आहे.

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका पत्र्याखाली शंभर मशिनी खडाखड चालतात आणि बाराच्या बारा तास चालतात. तिथं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला पोचत नाही. म्हणून खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. जवळ जायचं, कोपरावर दोनदा टकटक करायचं, माणूस वळला की ओठांनी बोलायचं आणि हातांनी पुरं करायचं. आवाज कशाला वाया घालवायचा? मी एकोणिसाव्या वर्षी तिथं बॉबिन भरायला लागले. माझे वडील भिकन त्याच खात्यात मुकादम होते, त्यांनीच लावलं. आम्ही सुरतेच्याच डिंडोलीतले खान्देशी, घरात अहिराणी बोलणारे. माझा नवरा बिरंची ओरिसातल्या गंजामचा, त्याच खात्यात बारा मशिनी सांभाळायचा. त्याला माझी बोली येत नव्हती, मला त्याची येत नव्हती, आणि हिंदी दोघांचीही लंगडी.

पण खात्याची बोली दोघांनाही येत होती. ती काही कुणी शिकवत नाही, आठ दिवसांत आपोआप येते. मशीन, माल, पाळी, हुकूम हे सगळं गुजराती, कारण शेठ गुजराती. जेवणाखाणाचं अहिराणी, कारण डबे आमच्या बायका उघडायच्या आणि वास सगळ्या खात्यात जायचा. भांडण आणि शिव्या हिंदीत, त्यात बिहारच्या भैयांचा हात कुणी धरू शकत नाही. मधले टाके ज्याला जे येईल त्याचे. लग्नाचंसुद्धा आमचं याच बोलीत ठरलं. दोन रांगांच्या मधल्या बोळात उभं राहून त्यानं मला ओठांनी विचारलं. मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं, तरी मी तीनदा बोलायला लावलं.

लग्नानंतर दोन्हीकडची माणसं वर्षभर रुसली, मग रुनू झाली आणि सगळे आले. मी खातं सोडलं, घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घेतलं. खातं सुटलं पण खात्याची बोली आमच्या बरोबर घरी आली, टकटक आणि मुके ओठ यांच्यासकट. घरात मशीन नव्हती, शांतता होती, तरी तो या भिंतीशी आणि मी त्या भिंतीशी बसून आवाज न करता गप्पा मारायचो. सवय झाली होती. रुनूनं जन्मल्यापासून हेच पाहिलं. अर्धं बोलणं आवाजाचं असतं आणि अर्धं बिनआवाजाचं, असं तिला वाटत असणार. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

हे सगळं मी बेनना सांगितलं नाही. लाज वाटली. खोटं कशाला बोलू.

त्यांनी कान तपासून आणायला सांगितले. कान ठणठणीत निघाले. मग त्याच दवाखान्यातल्या बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी घरात कोण काय बोलतं ते विचारलं, मी सांगत गेले आणि त्यांचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, पोरीचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा. जी तुम्हाला सगळ्यात चांगली येते ती. एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

रिक्षात बसून मी हिशेब करत होते की मला सगळ्यात चांगली कुठली येते. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, तिथल्या बाई माझ्या अहिराणीला हसायच्या. खात्यातले शेठ माझ्या गुजरातीला हसायचे. सासरी गेले तेव्हा बिरंचीच्या गावची माणसं माझी ओडिया ऐकून पोट धरून हसली होती. तीस वर्षांची झाले आणि अख्खी अशी एकही भाषा माझ्याजवळ नाही, सगळे तुकडेच. आणि तेच तुकडे मी पोरीच्या तोंडात घातले होते. मला इतका राग आला की घर यायच्या आधीच मी रिक्षातून उतरले आणि रुनूला ओढत चालायला लागले.

घरी आल्यावर सगळ्यांना तोंड फुटलं. माझी आई शोभाबाई शेजारच्याच गल्लीत राहते, तिला बातमी लागायला वेळ लागत नाही. ती म्हणाली, "तिले मराठी शाळामा टाक, आपली बोली तरी राही." बाबांनीही मान डोलावली. बिरंचीच्या मोठ्या भावाचा फोन आला, त्याचं म्हणणं सुरतेत ओडिया शाळा आहेत, पोरगी बापाची भाषा बोलणार नाही तर कुणाची? मी फोनवरच सुनावलं की पोरगी म्हणजे काय वाटणीची जमीन आहे का, हा तुकडा तुमचा आणि तो आमचा. त्यानं फोन ठेवला.

बिरंची सगळं झाल्यावर बोलला. तो मुळातच कमी बोलतो.

"रुनू बोलती है," तो म्हणाला. "उनको सुनना नही आता."

मला ते वाक्य तेव्हा आवडलं नाही. जगाला ऐकायला येत नाही म्हणून काय आपण जग बदलायला जाणार? बेननी सांगितलं होतं की जूनच्या आधी एकदा मोठ्या बेनना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटवायला आणा. मुलाखत म्हणायचं नाही, नुसती भेट. पण त्या भेटीत पोर गप्प राहिली तर तिला आणखी एक वर्ष बालवाटिकेत ठेवणार, आणि त्याच्या पुढचं बेन बोलल्या नाहीत तरी मला कळलं होतं. एकदा पोरीवर मंद म्हणून शिक्का बसला की तो पुसायला कुणी येत नाही. भेटीला तीन आठवडे होते. मी ठरवलं, गुजराती. शाळा गुजराती, बाजार गुजराती, सुरत गुजराती, मग घरही गुजराती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं जी चांगली येते ती. मी जी हवी होती ती घेतली.

दुसऱ्या दिवसापासून कायदा लागू झाला. घरात फक्त गुजराती. मुके ओठ बंद, टकटक बंद, हातवारे बंद. हात खाली. रुनूला पहिल्या दिवशी हा खेळ वाटला. ती हसत हसत माझ्या कोपराशी यायची, दोन बोटं उचलायची, मी डोळे वटारले की बोटं मागे घ्यायची. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. मी बालवाटिकेचं पुस्तक उघडून बसायची, मांडीवर साडी, हातात कात्री, आणि धागे कापता कापता प्रश्न. आ शुं छे? आ कयो रंग छे? तारुं नाम शुं छे? हे काय, हा रंग कुठला, तुझं नाव काय. नीट सांगितलं की पुढचं पान. पण एका जागी फार वेळ बसवत नव्हतं मला. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत, पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत मी प्रश्न विचारायची आणि रुनू मान वळवून वळवून मला शोधत उत्तरं द्यायची.

आणि ती शिकत होती. हे मात्र खरं. पोर हुशार आहे, हे मला तेव्हा कळलं आणि माझा हुरूप आणखी वाढला.

बिरंचीची पंचाईत झाली. त्याची गुजराती म्हणजे तार तूटी गयो, बॉबिन लाव, मशीन चालु कर. त्यात बाप लेकीशी काय बोलणार? तो साडेसातला घरी यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. रुनू त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची. एकदा मी बाहेर आले तर त्याचे ओठ हलत होते आणि ती खुदखुदत होती. मी जे काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या दिवसानंतर गॅलरीतही कुणी हसलं नाही. घर इतकं गप्प झालं की खालच्या मजल्यावरच्या सोनालीनं मला जिन्यात थांबवून विचारलं, गावाला गेला होतात का?

दुसऱ्या आठवड्यात रुनूचं जेवण बिघडलं. भाकरीला हात लावेना, वरणभात तेवढा गिळायची. मला वाटलं रुसली आहे. माझ्यावरच गेली आहे, मीही लहानपणी रुसले की भाकरी टाकायची. पुस्तक घेऊन बसवलं की एक हात गालावर ठेवून बसायची. मी तो हात धरून खाली करायची. हाथ नीचे. ती करायची. थोड्या वेळानं माझ्या समोर येऊन उभी राहायची, पुन्हा हात वर, डोळे माझ्यावर. हाथ नीचे, रुनू, मोढेथी बोल. तोंडानं बोल. ती तोंड उघडायची, मिटायची आणि जाऊन बसायची. मला वाटायचं, जुनी सवय आहे, मुळासकट काढायला वेळ लागणार.

माझी आई एकदा येऊन गेली. रुनूला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोर सुकी गई व, गायत्री. तिना मुखडा देख." मी म्हटलं, तू तिच्यासमोर अहिराणी बोलू नकोस. आई उठली, पदर खोचला आणि चहा न घेता गेली. मी तिला थांबवलं नाही. मला तेव्हा तीन आठवड्यांतले किती दिवस उरले ते सोडून काही दिसत नव्हतं.

भेटीच्या दिवशी मी रुनूच्या दोन वेण्या घालून त्यांना लाल रिबिनी बांधल्या. मोठ्या बेनच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावर चेंडू, पेन्सिल, प्राण्यांची चित्रं मांडली होती. मोठ्या बेननी नाव विचारलं. रुनूनं सांगितलं, आवाजात, स्पष्ट. बापाचं नाव सांगितलं. चेंडूचा रंग सांगितला. गाय, कुत्रा, पोपट, हत्ती, एकही चुकली नाही. मग हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून तिनं एक गाणं म्हटलं, चार ओळींचं, मधे कुठं न अडखळता. आमच्या वर्गाच्या बेन दाराशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मोठ्या बेननी विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? मी म्हटलं, गुजराती. जन्मभर मला एवढं ताठ मानेनं काही सांगता आलं नव्हतं.

नाव पहिलीच्या यादीत लिहिलं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. मोठ्या बेननी रुनूला चॉकलेट दिलं, ते तिनं मुठीत धरलं आणि तसंच घरापर्यंत आणलं. मला वाटलं, बापाला दाखवायला ठेवलं असेल. मी वाटेतून सगळ्यांना फोन केले. आईला केला, बाबांना केला, बिरंचीच्या भावाला तर मुद्दाम केला. चौकातून पेढे घेतले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी खुर्चीवर टेकून बसले.

बिरंची आला तेव्हा त्याच्या केसांत खात्याची रुई तशीच होती. मी बातमी सांगितली. तो हसला, मनापासून हसला, हात धुतले आणि पेढा घेऊन रुनूच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं. त्यानं लाडानं गालाला हात लावला तशी ती अशी काही दचकली की पेढा खाली पडला. त्यानं तिला उचलून ट्यूबलाइटखाली नेलं, हनुवटी धरली आणि तोंड उघडायला लावलं.

"इधर आ," तो मला म्हणाला.

मागच्या दाढेशी हिरडी टरारून सुजली होती. वर पिवळं दिसत होतं. गाल आतून लाल झाला होता. हे एका दिवसाचं नव्हतं, दोन दिवसांचंही नव्हतं. ट्यूबलाइट तीन आठवडे तिथंच होती आणि मीही तिथंच होते.

बिरंचीनं तिला किती दिवस झाले ते ओडियात विचारलं, "केते दिन?" तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. त्यानं तिचं ते बघणं पाहिलं, सदरा चढवला आणि कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर अजून बसलाय का ते बघायला जिना उतरला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी रुनूसमोर बसले. आणि माझ्या तोंडून काय आलं, तर गुजरातीच आली. "बेटा, कह्युं केम नहीं?" सांगितलं का नाहीस?

"गुजरातीमां नथी आवडतुं," ती म्हणाली.

गुजरातीत येत नाही. शाळेत उत्तरं दिली त्याच स्पष्ट आवाजात म्हणाली.

खरंच होतं. पुस्तकात रंग होते, प्राणी होते, वार होते. दुखतंय हे कसं सांगायचं ते त्यात नव्हतं आणि मलाही शिकवायचं सुचलं नाही. दुखण्याखुपण्याचे शब्द आमच्या घरात सगळे बिरंचीचे. ती रांगताना उंबऱ्यावर आपटली तेव्हा त्यानं उचलून घेतलं होतं, गुडघ्यावर फुंकर घालत त्याच्या भाषेत विचारलं होतं, बिंधुछि? दुखतंय? तेव्हापासून या घरात कुणाचं काही दुखत नाही, बिंधतं. माझं डोकंसुद्धा बिंधतं. आणि तो शब्द मी बंद केला होता. पोरीनं कायदा पाळला होता.

मी तिला जवळ ओढलं. बोल, मी म्हटलं, आपल्या बोलीत बोल. तिला खरं वाटेना. मी पुन्हा म्हटलं, या वेळी नुसत्या ओठांनी, बोल माय, जसं येतं तसं बोल. तिनं दाराकडे बघून घेतलं आणि मग बोलायला लागली. भाकर चावताना बिंधतं, थंड पाण्यानं बिंधतं, गाणं पाठ करताना पण बिंधत होतं. जेवणाचे शब्द माझ्या आईचे, दुखण्याचे त्याच्या आईचे, मधले टाके कुणाकुणाचे, आणि कुठं न अडता भरभर बोलत होती. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हिला बोलता येत नाही म्हणून मी तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं.

"मु बतानेको आया," ती म्हणाली. "तू बोली, हाथ नीचे."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. झालं ते सांगत होती.

मी विचारलं, किती वेळा आली होतीस? केते बार? तिनं बोटं मोजून दाखवायला हात वर केला, तो अर्ध्यावर आला, आणि माझ्याकडे बघून तिनं तो आपणच खाली घेतला.